लळिंगवरचं दगडांचं घर

परवा लळिंगच्या किल्ल्यावर देवीच्या देवळामागे दगडांवर रचलेले दगड दिसले आणि शाळेत असतानाची तिथली फेरी आठवली. सासरहून पळून आलेल्या थोरल्या बहिणीला आम्ही परत पोचवायला निघालो होतो. आधी देवीचं दर्शन घ्यावं म्हणून उन्हात गड चढलो. शिदोरीतल्या भरिताला कपाशीच्या काड्यांच्या धुराचा वास होता. घर लाभावं म्हणून बायका तिथे दगड रचतात, तसे आईनेही रचले. “तुन्हं घर उभं ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. बहिणीने एकेक दगड उतरवला. “माय, माले ते घर नको शे.” वडील खालच्या हायवेकडे बघत म्हणाले, “चला, गाडी चुकी जाई.” आईने दगड पुन्हा रचले. दिवाळीआधीच बहिणीच्या मरणाचा निरोप आला. परवा मी तिथलं एकही घर उभं ठेवलं नाही.