खंडोजीरावांचा सातारा

म्हैसूरच्या घोडदळातले निवृत्त दफेदार खंडोजीराव यांना कुणी नुसतं "तुम्ही कुठले?" असं विचारलं, की त्यांचा कणा ताठ व्हायचा, हात मिशीकडे जायचा आणि उत्तर यायचं, "सातारा!" हजाम विचारो नाहीतर देवळातले भटजी. एकदा घोडे तपासायला आलेल्या गोऱ्या डॉक्टरनं विचारलं, तर त्यालाही त्यांनी अर्धा तास उन्हात उभा करून सातारा ऐकवला. बिचाऱ्याला घोड्याचा खूर बघायचा होता, तो राहूनच गेला.

आता गंमत अशी, की खंडोजीरावांनी सातारा कधी पाहिलेला नव्हता. त्यांच्या वडिलांनी नाही, आजोबांनीही नाही. पाच-सहा पिढ्यांमागे कुणी एक स्वार घोडं घेऊन इकडे आला, चाकरीला राहिला, म्हैसूरजवळच्या बोगादीला त्याची जमीन झाली आणि घरात उरला तो एवढा एक शब्द. जुन्या फौजेतल्या मराठी घरांत असं एकेक गाव जपलेलं असायचंच. कुणाचं सातारा, कुणाचं तंजावर. बघितलेलं कुणीच नाही, पण सोडायला कुणी तयार नाही.

हा सातारा एके दिवशी नातीच्या वाटेत आडवा पडला. ही गोष्ट एकोणीसशे एकवीस-बावीसच्या सुमाराची.

नात म्हणजे वनजा, त्यांचा मुलगा दत्तोजीराव याची एकुलती एक. दत्तोजीराव बळ्ळारीला कापसाच्या गिरणीत कारकून होता. बळ्ळारी म्हणजे मद्रास इलाखा, इंग्रजांचा मुलूख. वनजा शाळेत जायची झाली तेव्हा बापाला सुट्टी मिळेना, म्हणून म्हैसूरहून आलेले खंडोजीराव जरीचा फेटा बांधून स्वतः तिला घेऊन गेले. हेडमास्तरांनी विचारलं, "मूळ गाव?" दफेदारांनी काय सांगितलं असेल ते सांगायला नकोच. मास्तरांनी लिहिलं, "सातारा, मुंबई इलाखा."

पुढं गिरणी बंद पडली आणि सगळं बिऱ्हाड म्हैसूरला आलं. वनजा तेव्हा हायस्कुलाच्या शेवटून दुसऱ्या वर्गात. तिकडे तिनं तेलुगू घेतलेलं, इकडे कन्नड हवं. गणिताचं पुस्तक निराळं, इतिहासातले राजे निराळे. समोरच राहणाऱ्या नरसिंहमूर्ती मास्तरांनी रोज पहाटे शिकवून आठ महिन्यांत तिचं कन्नड परीक्षेच्या लायकीचं केलं. शेवटच्या परीक्षेत पोरगी पहिल्या वर्गात आली. तिला डॉक्टरीण व्हायचं होतं, आणि त्यासाठी कॉलेजात शास्त्र शाखा हवी होती.

अर्ज दिला, आणि चौथ्या दिवशी तो परत आला. बळ्ळारीच्या शाळेचा दाखला कॉलेजच्या कारकुनानं नीट वाचला होता. मूळ गाव सातारा म्हणजे मुलगी परमुलखातली. संस्थानातल्या मुली आधी, मग जागा उरली तर बाहेरच्या. शास्त्राच्या वर्गात जागा वीस. शिवाय बाहेरच्यांना फी दुप्पट.

"दुप्पट फी मी कुठून भरू?" दत्तोजीराव म्हणाला. त्याला नुकतीच एका धान्याच्या पेढीवर नोकरी लागली होती. "पण फीचं राहू द्या. जागाच मिळाली नाही तर?"

एकच वाट होती. कुटुंब म्हैसूरचंच आहे असा अमलदारांचा, म्हणजे तालुक्याच्या अधिकाऱ्यांचा, दाखला आणायचा, आणि त्यासाठी ओळखीच्या एका गृहस्थानं शपथेवर साक्ष द्यायची. यादी लागायला बारा दिवस होते. खंडोजीराव तडक समोरच्या घरी गेले.

नरसिंहमूर्ती मास्तर म्हणजे खरेपणाचा अर्क. शाळा तपासायला साहेब आले असता "धडा झाला का?" या प्रश्नाला "नाही झाला, माझं पोट दुखत होतं" असं सांगून त्यांनी आपली बढती घालवली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आगोदिल्ल, रायरे. जमायचं नाही. तीस वर्षं रोज संध्याकाळी या ओट्यावर बसून मी तुमच्या तोंडून सातारा ऐकतोय. आता देवाची शपथ घेऊन मी काय सांगू?"

"अहो मास्तर, ते आपलं..."

"ते खोटं होतं?"

"खोटं कसं असेल!"

"मग साक्ष खोटी होईल."

दफेदार पाय आपटत घरी आले. भवानीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दारातच गाठलं. "एवढी वर्षं साताऱ्याचे म्हणून मिरवलंत ना? घाला आता पोरीला तिथल्याच कॉलेजात!"

त्यावर ते दोन शब्द बोललेही असते, पण वनजानं पुस्तकातून डोकं वर काढून साधेपणानं विचारलं, "अज्जा, साताऱ्यात आपलं कोण आहे?"

खंडोजीरावांचा मिशीकडे निघालेला हात खाली आला. त्या दिवशी जेवणात दुसऱ्यांदा भातही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना म्हणाले, "साक्ष देऊ नका. नुसते बरोबर चला."

दत्तोजीरावालाही बरोबर घेतलं. अमलदारांच्या कचेरीच्या ओसरीवर नेमके पेन्शनवाले जुने स्वार बसलेले. सगळ्यांनी सातारा ऐकलेला, त्यांच्यातल्या गंगाधररावांनी तर वीस वर्षं ऐकलेला. अमलदार तिरुमलराव कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "शाळेत सातारा सांगितलंत. साताऱ्याला नदी कोणती?"

"असेल एखादी."

"नातेवाईक?"

"कुणी नाही."

"तुम्ही कधी गेला होतात?"

"नाही, स्वामी."

"मग म्हैसूरचे कशावरून?"

आणि मग दफेदारांचं तोंड सुटलं. बोगादीच्या शेतांची नावं बांधाबांधानं सांगितली. कोणत्या चिंचेखाली पणजोबांचा दगड आहे, हुणसूरच्या वाटेवर कोणत्या ओढ्यात घोड्यानं त्यांना पाडलं, बन्नूरच्या कोणत्या घरी लग्न लागलं आणि तिथं विहीण कशावरून रुसली, सगळं. "साहेब, मी देवाला मराठीत हात जोडतो, पण घोड्याला शिव्या कन्नडात देतो. सातारा मी मिरवायला ठेवला होता. थोरांचं गाव म्हणून बरं वाटायचं. शाळेत तो लिहवला ती चूक माझी, पोरीची नव्हे. मी इथला आहे. माझा बाप इथला होता."

दत्तोजीरावानं मान खाली घातली होती. बापानं चारचौघांत अशी माघार घेतलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

गंगाधररावांना राहवलं नाही. "काय दफेदार, भर मैदानात घोडं मागं फिरवलंत?"

"फिरवलं, गंगाधरराव. पाठीवर नात बसलीय."

तेव्हा नरसिंहमूर्ती मास्तर आपणहून पुढं आले. उपरणं सावरलं, शपथ घेतली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "हे गृहस्थ म्हैसूरचे. तीस वर्षं यांनी दुसऱ्या गावाचं नाव घेतलं, पण त्या गावाला एक दिवस गेले नाहीत." अमलदारांना हसू आवरेना. हसत हसतच त्यांनी शिक्का उचलला.

यादी लागली त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी ही गर्दी. खंडोजीरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वनजाला पुढं ढकललं. तिनं वरून बोट फिरवायला सुरुवात केली. दहा झाली, पंधरा झाली. अठराव्या नावावर बोट थांबलं.

"आहे, अज्जा."

"पुढं काय लिहिलंय?"

"म्हैसूर."

"आणि वर्ग कधी?"

"सोमवारी, अकरा वाजता."

"मग नऊला निघायचं," दफेदार म्हणाले. कॉलेज घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर होतं, पण सोमवारी दोघं नऊलाच निघाली.