जात न विचारणारी स्कॉलरशिप

आजही कुठे सरकीचा वास आला, की मला दिग्रसचा जिनिंगचा कारखाना आठवतो आणि तिथून भुवयांवर कापूस घेऊन घरी येणारे बाबा आठवतात. फार आठवतात.

मॅट्रिक पास झाले, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण कॉलेज यवतमाळला. तिथे राहायचं तर स्कॉलरशिप हवी, नाहीतर मायसोबत कापूस वेचणं ठरलेलं. हेडमास्तरांनी फॉर्म मागवून दिला. त्यात जातीचा रकाना होता. "जुनीच जात लिही," ते म्हणाले, "बौद्ध लिहिलंस तर सवलत गेली."

बाबांनी ऐकलं मात्र, भडकलेच. "जे नदीत सोडून आलो, ते कागदावर कायले आनू?" छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले देव खरंच नदीत सोडले होते.

मीही त्यांचीच पोर. "तुमचा बाना राहू द्या, बाबा! माह्यं शिक्षन बुडून राह्यलं ना!" मायनं समजावलं, पण ऐकतील तर शपथ. फॉर्म कोराच राहिला आणि मी अबोला धरला.

मग एके दिवशी बाबा कामावर खाडा करून, कुणाला न सांगता बसनं यवतमाळला गेले. त्यांना वाचता येत नव्हतं. कॉलेजात भेटेल त्याला एकच सवाल, "साहेब, जात न इचारनारी स्कॉलरशिप हाये का?" लोक हसले म्हणे. एका बाबूनं मात्र कपाट धुंडाळून विद्यापीठाचा एक फॉर्म दिला.

संध्याकाळी तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पाय, फारम आनला. आता तरी बोल."

वाचते तर काय! कॉलेजात संस्कृत घेणाऱ्यांसाठी कुण्या शास्त्रीबुवांनी ठेवलेली स्कॉलरशिप! जातीचा रकानाच नाही. आमच्यातलं कुणी अर्ज करेल, हे बुवांच्या स्वप्नातही आलं नसेल. मला हसू आवरेना. संस्कृतचा गंध नव्हता, पण मार्क चांगले होते. भरला फॉर्म, आणि मिळाली की हो!

दिवाळीच्या सुट्टीत संस्कृतचं पुस्तक घेऊन घरी आले. बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे संस्कृत मंजे काय वं, बाई?"

"जे आपल्या लोकायच्या कानावर पडू देत नोते, ते."

बाबा उठले आणि त्यांनी दार सताड उघडलं.

"मंग जोरानं वाच."