हिअर, लिसन आणि आमचा तलाव

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माणूस चिडका असला की ते आपोआप साठतात. माझ्याकडे तर ढीग आहे! इंग्रजीत डॉक्टरेट केली, निवृत्त झालो आणि धानोऱ्याकडच्या आमच्या गावी मोठ्या माणसांचा फुकट वर्ग काढला. खाणीचा रस्ता गावचा तलाव बुजवून जाणार होता. वर्गातल्या सुशीलाबाईंचं घर त्याच तलावातल्या मासोळीवर चालतं. जनसुनावणीत बाहेरच्या साहेबांशी त्यांना इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची होती.

पहिला धडा : हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं. कोणाचं लिसन करायचं असेल तर मध्ये 'टू' हवा, हिअरला नको.

शिवणकाम करणारे रफीकभाई म्हणाले, "सर, मशीन चालू असते, बायको बोलून राह्यते. मंग हिअर कोणाले, न लिसन कोणाले?"

"मशीन हिअर. बायको लिसन टू."

"उलटं हाय सर! मशीनचा आवाज जरासा बदलला का मले लगेच समजते!"

वर्ग हसला, मी चिडलो. मग वाटेत विचार : माझं उदाहरणच चुकलं का?

घरी बायकोला विचारलं, "मी बोलतो ते ऐकतेस ना?"

"चाळीस वर्षांपासून हिअरच हाय!"

कचेरीत तलाव वाचवायचा अर्ज घेऊन गेलो. बाबू म्हणाला, "तुमचं म्हणणं साहेबांच्या कानावर घातलं, सर."

"कानावर नको! त्यांनी कान द्यावा!" माझा आवाज चढला.

"कान द्यायचा का नाई, ते वरून ठरते सर!"

शेवटी सुनावणी. सुशीलाबाई माईकपाशी गेल्या. "सर, लिसन टू मी. धिस लेक इज अवर फूड." साहेब मोबाईलमध्ये, मान मात्र डोलत होती.

"साहेब, तलाव गेला त आमी खाऊ काय?" मान डोलली.

बाई गप्प झाल्या. माईक हातात, तोंड बंद, नजर साहेबांवर. मंडप चिडीचूप. वाक्य विसरल्या? मी नीट शिकवलं नाही? उठणार, तोच रफीकभाईंनी हात धरून खाली बसवलं. "थांबा सर."

बराच वेळ गेला. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "व्हेरी गुड! फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात. नोंद घेतली. नेक्स्ट!"