कडी वाजली तिथपर्यंत

लोणावळ्याच्या थिएटरात त्या काळी जेवढे सिनेमे लागले, त्यातल्या बहुतेकांचा शेवट मला ठाऊक नाही. सुरुवात विचारा. नायिका पहिल्यांदा कुठल्या साडीत आली, नायकाच्या आईला खोकला कधी लागला, खलनायकानं मिशीला पीळ कधी भरला, सगळं सांगतो. पण शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत काय झालं असं विचारलंत, तर आजही माझी दातखीळ बसते. कारण साधं होतं. दुपारचा खेळ तीनला सुरू व्हायचा आणि पावणेसहाच्या सुमारास सुटायचा. पुण्याकडे जाणारी, आमच्या गावाला, कान्ह्याला थांबणारी गाडी साडेपाचच्या आतबाहेर निघायची. पुढची गाडी रात्रीची, आणि ती कान्ह्याला न थांबता आमच्या नाकासमोरून तळेगावकडे निघून जायची. म्हणजे शेवट बघायचा तर घर नाही, आणि घर गाठायचं तर शेवट नाही.

मी तेव्हा विशीत होतो आणि लोणावळ्याच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होतो. लग्नपत्रिका, हॉटेलांची बिलं, तुंगार्लीच्या बंगलेवाल्यांची कार्डं, काय येईल ते. पण माझा जीव अडकलेला असायचा सिनेमाच्या हँडबिलांत. 'येत्या शुक्रवारपासून' हे शब्द मी दोनदा जुळवून बघायचो म्हटलं तर आता हसाल. गावात कुणाला पत्ता नसताना मला आधी कळायचं की काय लागणार आहे. मग गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर ते छापून व्हायचं, टांग्याला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधल्या जायच्या, आणि बँडवाला पुढे बसून निघायचा. टांगा बाजारातून जाताना मी छापखान्याच्या दारात उभा राहून असा बघायचो, की जसा काही तो सिनेमा मीच काढलाय. पुण्या-मुंबईत तो केव्हाच जुना झालेला असे. पण आमच्याकडे आला की तो नवा, आमच्यासाठीच आत्ता काढलेला. जुना आहे असं कुणी म्हटलं की मला राग यायचा, आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलायचो नाही.

शुक्रवारी आमचा मालक जेवणानंतर छापखाना बंद करी, आणि मी थिएटर गाठी. थिएटरात गाण्यांची छोटी पुस्तकंही मिळत. त्यांत सुरुवातीला कथासार असे. वाटायचं, निदान त्यात तरी शेवट कळेल. पण ते लिहिणारेही वस्ताद. नायिका विहिरीच्या काठावर उभी राहिली की पुढे तीन टिंबं, आणि खाली ठरलेलं वाक्य : बाकीचं रूपेरी पडद्यावर पाहा. पडद्यावर पाहायला माझ्याकडे गाडी कुठे होती?

तर हे सगळं मी ज्या माणसासाठी गोळा करून आणायचो, ती आमची वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा मुंबईला गोदीत कामाला होता. लग्नानंतर पहिली दोन वर्षं तो गणपतीला आणि शिमग्याला आला. मग नुसता शिमग्याला. मग पत्रं आली, मग तीही येईनाशी झाली. गावातलाच एक जण मुंबईहून आला आणि पारावर सांगून गेला की माझगावात त्यानं दुसरं बिऱ्हाड केलंय. आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, ते ऐकून डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ ते पुन्हा घातलं नाही. वहिनीनं काहीच केलं नाही. ती भाताच्या खाचरात बांध घालायला गेली.

आईमागे आमचं घर वहिनीनंच धरून ठेवलं होतं. तिनं जन्मात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. पण शुक्रवारी दिवेलागणीला मी स्टेशनवरून घरी आलो, की ती चहाचं आधण ठेवूनच बसलेली असे. पुढ्यात तांदळाचं सूप. पहिला प्रश्न, "काय लागलंवतं?" मग मी सांगायला लागायचो. मी नुसतं सांगत नसे, करून दाखवत असे. दाराआड जायचो, खोकत आत यायचो, रडायचो. वहिनी तांदूळ निवडता निवडता थांबायची, आणि ती थांबली की मला कळायचं, इथं रंगलं.

शेवट मी मनचा सांगायचो. कामशेत ते कान्हे एवढ्या टप्प्यात खिडकीशी बसून जुळवायचो. पहिल्या वेळी लबाडी केल्यासारखं वाटलं. मग चटक लागली. माझ्या शेवटांत कुणी मरत नसे. हरवलेलं मूल सापडायचं, बाप माफ करायचा, आंधळ्याला दिसायला लागायचं. मला खरंच वाटायचं की असंच झालं असणार, इतकी गोड माणसं उगीच कशाला मारतील?

आणि हे घरात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी तोच सिनेमा रानात सांगायची. आवणीच्या दिवसांत बायका ओळीनं वाकून भात लावायच्या, वरच्या ठाकरवाडीतून मजुरीला आलेल्या बायकाही ओळीत असायच्या, आणि मधोमध वहिनीचा सिनेमा. ती माझ्याहून चांगला सांगायची. ओळ मागं सरकत जायची तसा सिनेमा पुढं जायचा, आणि खाचर संपायला आणि शेवट यायला गाठ पडायची. अशी आमच्या आळीतल्या समस्त बायकांनी तालुक्यात लागलेला प्रत्येक नवा सिनेमा 'पाहिला' होता. एकदा आळीतली एक मावशी तळेगावच्या जत्रेत तंबूत जाऊन खरोखरचा सिनेमा बघून आली, ती तणतणतच. तंबूवाल्यानं म्हणे शेवटचं रीळ खाल्लं आणि दुसऱ्याच सिनेमाचं जोडलं. नायक काय मरतो, नायिका काय वेडी होते. "आपल्या वैनीनं सांगितला त्यो खरा. ह्यो मेला चोर," असा निकाल देऊन मावशीनं पुन्हा तंबूचं तोंड पाहिलं नाही. मी तिथंच बसलो होतो. मी मान डोलवली. आज ती मान डोलवलेली आठवते आणि अंगावर काटा येतो.

दादाचं पत्र थांबून तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हा वहिनीचे वडील पवन मावळातून आले. सोबत त्यांच्या गावचे दोन पंच. ओटीवर बसून पाणी प्यायल्यावर त्यांनी सरळ विषय काढला. आमच्याकडे त्याची रीत होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची पंचांसमोर काडीमोड करायची आणि दुसऱ्या घरी पाट लावायचा. त्यात कुणी कमीपणा मानत नसे. त्यांनी स्थळही पाहून ठेवलं होतं. पवनेकाठचा शेतकरी, बायको बाळंतपणात गेलेली, तीन वर्षांची एक पोर. माणूस गरीब स्वभावाचा, असं ते तीनदा म्हणाले. आबा एवढंच बोलले की पोरीचं पोरीनं ठरवावं, आपण आडवं येणार नाही. वहिनी चुलीपाशी होती. तिनं आतूनच आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत एक शुक्रवार आला.

सिनेमा नवा होता, पुण्यात तेव्हाही चालू होता, आणि आमच्याकडे इतक्या लवकर आला म्हणून मी आठवडाभर हवेत होतो. थिएटरात बसलो. गोष्ट एका खेड्यातल्या बाईची. नवरा शहरात जातो, तिकडचाच होतो. ती वाट बघते. ऋतू जातात, गाणी होतात, ती एकटी शेत करते, सासऱ्याचं करते. बघता बघता मला पडद्यावर आमचं घर दिसायला लागलं. मग एका संध्याकाळी तो परत येतो. हातात ट्रंक, केस पिकलेले. अंगण ओलांडतो. बंद दाराशी उभा राहतो आणि कडी वाजवतो. आत ती मान वर करते.

आणि माझी गाडीची वेळ झाली. त्या क्षणी मी उठलो, हे आज मलाही खरं वाटत नाही. पण तेव्हा उठण्याची सवयच इतकी होती, की पाय आपोआप दाराकडे वळले. वहाणा हातात घेऊन मी स्टेशनापर्यंत पळालो.

घरी आलो तेव्हा चहा तयार होता. सांगू नये असं मनात आलं होतं. दुसराच कुठला तरी विनोदी सिनेमा लागला होता असं म्हणायचं ठरवलंही होतं. पण वहिनीनं विचारलं आणि मी तोच सांगायला लागलो. करून काही दाखवलं नाही, जागेवरून उठलोही नाही. वहिनीचा हात सुपात होता तसा राहिला. मी दारापर्यंत आलो.

"कडी वाजली," ती म्हणाली. "मग?"

मी सांगितलं, ती दार उघडते. तो तिच्या पायाशी बसतो, रडतो. ती त्याला उठवते. देवापुढचा दिवा आणते, त्याच्या तोंडावर धरते आणि म्हणते, मला ठाऊक होतं. मग दोघं आत जातात.

हे मी का सांगितलं, ते मला तेव्हाही कळत होतं. दादा परत येईल अशी मला आशा होती म्हणून नव्हे. तो येणार नाही हे घरातल्या कुत्र्यालाही समजलं होतं. मला वहिनी जायला नको होती. ती गेली तर त्या घरात मी आणि आबा, दोन मुके पुरुष. शुक्रवारी मी गाडीतून उतरून कुणाकडे जाणार होतो? तिच्यावर माझं भलतं मन होतं का, असं कुणी विचारलं तर मी भांडणार नाही, पण तसं नव्हतं. मी बोलायला लागलो की हातातलं काम थांबवणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते पवनेपलीकडे जायला निघालं होतं.

आठव्या दिवशी तिचे वडील आले. वहिनी ओटीच्या दारात पदर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी न्हाई येत, बा. वाट बगते." म्हाताऱ्यानं पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांनी बैलगाडी जुंपली. जाताना गाडीत बसून ते तोंडाला पंचा लावून होते. मी अंगणात उभा होतो आणि मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

पुढं चार-पाच वर्षं गेली. पवनेकाठच्या त्या माणसानं दुसरीशी पाट लावला. माझं लग्न झालं आणि आम्ही दोघं लोणावळ्यात खोली घेऊन राहिलो. एके दिवशी थिएटरचा मजकूर आला : लोकाग्रहास्तव पुन्हा. तोच सिनेमा. मी खिळे जुळवले, बायकोला घेऊन गेलो, आणि आता कुठलीच गाडी पकडायची नव्हती म्हणून शेवटपर्यंत बसलो.

ती दार उघडते. त्याला तांब्याभर पाणी देते, पाहुण्याला द्यावं तसं. तो पाणी पीत असताना ती कोपऱ्यातलं गाठोडं उचलते, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते आणि चालायला लागते. तो हाक मारतो. ती थांबत नाही. रस्ता, शेतं, तिची पाठ, आणि समाप्त. टाळ्या पडल्या, दिवे लागले, तरी मी खुर्चीतच होतो. बायकोला वाटलं, सिनेमा फार आवडला.

वहिनीला हे सांगायला मला दोन महिने लागले. आवणीला हातभार लावायला कान्ह्याला गेलो होतो. दुपारी बायका भाकरी खायला बांधाच्या पलीकडे गेल्या, आणि आम्ही दोघंच रोपांच्या मुठी बांधत होतो. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. गाडी, साडेपाच, सगळे शेवट माझ्या मनचे, आणि त्या सिनेमाचाही. दिवा नव्हता, ती आत गेली नव्हती, निघून गेली होती.

वहिनी मूठ बांधत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "आन लोकांनी काय केलं? थेटरात?"

मी म्हटलं, टाळ्या वाजवल्या.

"बायांनी बी?"

"बायांनी बी."

तिनं बांधलेली मूठ पाण्यात ठेवली. "त्ये तवा सांगितलं असतं भाऊजी, तर मी गेले असते," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. आज भाजी काय केली सांगावं तसं म्हणाली.

मी माफी मागितली, ती तिनं ऐकली की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं ती बांधावर बसली, ओले पाय लांब केले आणि म्हणाली, "आता पुन्यांदा सांगा. पयल्यापास्नं. खरा."

मी सांगायला लागलो. नवरा शहरात गेला, ऋतू गेले, सासऱ्याचं केलं. ट्रंक घेऊन तो अंगणात आला, कडी वाजवली. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, गाठोडं उचललं. तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तिथं वहिनीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"हितनं हळू सांगा," ती म्हणाली.