बानूबाईच्या हातचा भंडारा

"इथं आपण पिणाऱ्याला सुधारायला आलेलो नाही, आपण स्वतःला सावरायला आलो आहोत."

शिक्रापुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी दहाबारा बायका हे वाक्य एका सुरात म्हणत. घरात कोणीतरी दारू पिणारे असणे, एवढीच त्या गटात येण्याची अट होती. वाक्य आरतीसारखे पाठ झाले होते आणि आरतीसारखेच, म्हणून झाले की मनातून उतरून जाई.

बानूबाईला मात्र पहिल्या दिवशी ते भयंकर वाटले होते. इनामगावच्या बाजूला घोडनदीकाठी तिचे सासर. सासऱ्याने मेंढरे विकून जमीन केली, ती भावाभावांत तुटली आणि तिचा नवरा हनुमंत गोदामावर रखवालदार होऊन शिक्रापुरात आला. पत्र्याच्या चाळीत एक खोली. बानूबाई कामगारांचे डबे करी. लग्न झाल्यापासून तिचा दिवस नवऱ्याच्या तोंडाच्या वासावर ठरत आला होता. वास नसला तर आज आपण सुखी, असला तर दुःखी. त्या माणसाला बाजूला ठेवून स्वतःविषयी बोल, असे सांगणे म्हणजे भिंती काढून घर दाखव म्हणण्यासारखे होते.

गट चालवणारी स्नेहल वडिलांच्या दारूत वाढलेली, वयाने लहान पण चिकाटीची. ती विचारी, "मावशी, मालकांचं कळलं. तुम्ही काय केलंत या आठवड्यात?" एकदा बानूबाई म्हणाली, "वाट न बघता जेवले. पोटभर." बायका हसल्या आणि बानूबाईच्या डोळ्यांना पाणी आले. सावरण्याची सुरुवात एवढीशीच असते. म्हणूनच ती सहज मोडते.

ती मोडली सरूबाईंच्या मायेने. सरूबाई पाबळकडच्या बागायतदार घरातल्या, थोरला मुलगा पिणारा. "स्वतःबद्दल काय बोलायचं गं सारखं? पोट भरलं, झोप लागली! बाळंतिणीची खोली हाय का ही?" असे म्हणून त्यांनी एके दिवशी बानूबाईला उपाय सांगितला. हनुमंताला खंडोबाच्या देवळात न्यायचे, बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावायची. "आन् त्याच्या हातावर भंडारा तू ठेव. बँकेला जामीन लागतो तसा देवालाबी लागतो."

हनुमंताने शपथ घेतली. बानूबाईने त्याच्या तळहातावर हळद ठेवली. तो खरोखरच थांबला, आणि गटाचे रूप पालटले. मंगळवारचे वाक्य म्हणून होताच कोणाचा देव कडक, कोणता वार चांगला, याची चर्चा सुरू होई. स्नेहल मध्येच म्हणे, "आपण विषयावर येऊ या." सरूबाई म्हणत, "हाच विषय हाय, बाळ." वडीलधाऱ्या बाईला गप्प करणे स्नेहलला जमत नसे. शपथ देताना बायका बानूबाईला बोलावू लागल्या. तिच्या हातचा भंडारा टिकतो, अशी ख्याती झाली.

एका सकाळी हनुमंताने कामावरून आल्यावर पाण्याची बाटली स्वतः विसळून ठेवली. जन्मात त्याने स्वतःचे भांडे विसळले नव्हते. बानूबाईला हुंगावेही लागले नाही.

पूर्वी ती निदान शेजारणीकडे रडू शकत असे. आता तेही गेले. शपथ मोडली होती आणि जामीन ती होती. दौंडला दिलेली तिची मुलगी पोटुशी होती. तिथल्या विहीणबाईंना हे कळले आणि देव न करो, काही कमीजास्त झाले, तर बोट कोणाकडे वळेल हे बानूबाईला सांगावे लागत नव्हते. तिच्या मनातही ते बोट स्वतःकडे वळलेलेच होते. मग रोज संध्याकाळी, तो कामावर निघण्याआधी, ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात चार लवंगा टाकू लागली. तो काही विचारत नसे. ती काही सांगत नसे. मंगळवारी ती म्हणे, "बरं चाललंय."

एका मंगळवारी गटातली तरुण अंकिता आली ती हळदीची पुडी आणि बेलाची पाने घेऊनच. नवऱ्याने पिऊन तिचा हात मोडल्यापासून ती माहेरी होती. प्लॅस्टर नुकतेच निघाले होते.

"बानूमावशी, रविवारी तुम्ही याच. त्यांच्या हातावर तुमच्याच हातनं ठेवायचं. शपथ झाली की मी तिथूनच नांदायला जाते."

"येईल की! तिचा हात म्हंजी कुलूप हाय कुलूप," सरूबाई म्हणाल्या.

बानूबाईने अंकिताच्या मनगटाकडे पाहिले. ते दुसऱ्या मनगटापेक्षा बारीक झाले होते.

"माझ्या हातात काय न्हाई, पोरी," ती म्हणाली. "मालक पितात. शपथेला दोन महिनं झालं न्हाईत तवाच..." ती थांबली. "ऱ्हाऊ दे मालकांचं. मी माझं सांगते. मी त्यांच्या खिशात लवंगा ठेवते. रोज. वास येऊ नये म्हणून. आन् हितं येऊन खोटं बोलते."



"देवाचं मोडून गप बसलीस व्हय गं?" सरूबाई म्हणाल्या. "तुझ्याच हातात खोट असंल! माझ्या लेकालाबी तूच ठेवलावतास भंडारा—"

"सरूकाकू." स्नेहलने पहिल्यांदाच त्यांना मध्ये अडवले. "बानूमावशींचं बोलणं अजून संपलेलं नाही."

अंकिता पुडीशी चाळा करीत होती. "मग मी काय करू, मावशी?"

"ते मला न्हाई सांगता येणार. पण माझ्या हाताच्या भरवशावर जाऊ नको."

अंकिताने पुडी पिशवीत ठेवली. ती रविवारी जाणार की नाही, हे बानूबाईला त्या दिवशी कळले नाही.

खोलीवर परतल्यावर तिने नेहमीप्रमाणे हनुमंताचा डबा भरला. सदरा खिळ्याला होता, लवंगांची डबी फळीवर. तिने डबीला हात लावला नाही. हनुमंताने सदरा चढवला, बटणे लावली आणि दाराशी जाऊन खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मग वळून त्याने तिच्याकडे पाहिले. म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते.

"संपल्या?" त्याने विचारले.

"न्हाई," ती म्हणाली.

तो डबा उचलून निघून गेला. सरूबाईंची धाकटी बहीण दौंडला, बानूबाईच्या मुलीच्या सासरच्याच आळीत राहत होती; बातमी तिथवर पोचायला वेळ लागणार नव्हता. बानूबाईने फोन गॅसच्या शेगडीशेजारी, नजरेसमोर ठेवला, स्वतःचे ताट वाढून घेतले आणि पहिला घास घेतला तोच तो वाजू लागला. पडद्यावर विहीणबाईंचे नाव होते.

तिने घास गिळला आणि फोन उचलला.