पाण्याचं कार्ड

मंडळी, आज माझीच मला लाज वाटली.

विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं ट्रेनिंग मी ऑनलाइन करते. सरावपाठाचा व्हिडिओ हवा होता, म्हणून गल्लीतल्या राणीला महिनाभर रोज चार वाजता शिकवलं. राणी बोलत नाही. तहान लागली की पाण्याच्या चित्राचं कार्ड हातात द्यायचं, एवढं शिकली. व्हिडिओ पाठवला, मी पास झाले आणि तिच्याकडे जायचं बंद केलं.

आज पेढे घेऊन गेले. तिची आई दारातच म्हणाली, "पास झालासा, चांगलं झालं की. पर चार वाजलं की ही कार्ड घिऊन हितंच हुबी ऱ्हातीया. पाणी दिलं तर ढकलतीया."

मागायला मी तिला तेवढं एकच कार्ड दिलं होतं. उद्या चार वाजता कुठल्या तोंडानं जाऊ, सांगा.