एका बोटापायी रास्ता रोको

चहा सांगितलाय ना? मग सरकून बसा. एरवी मी लोकांच्या चुका छापतो, आज स्वतःची एक फुकट ऐकवतो. आणि साधीसुधी नाही, थेट परदेशात जाऊन केलेली!

मी भांडतो, हे चंद्रपुरात कोणीही सांगेल. रस्त्यातल्या खड्ड्यांवरून अभियंत्याशी, कोळशाच्या धुळीवरून साहेबांशी, व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर गावच्या माणसाला ताटकळत ठेवलं म्हणून तिथल्या बाबूशी. पत्रकारितेत केस पांढरे झाले, पण आवाज काही खाली आला नाही. रास्ता रोको तर मी एवढे पाहिलेत, की टायर कसा पेटवलाय यावरून आंदोलन किती वेळ चालणार ते सांगतो. पण स्वतः रास्ता रोको केला तो आयर्लंडमध्ये. एकट्याने. निवेदन नाही, मागणी नाही, आणि ते द्यायला समोर तहसीलदारही नाही.

झालं असं. आमची मयूरी तिकडे नर्स आहे. ती आणि जावई मोठ्या शहरात एका खोलीत राहत होते. तिला पश्चिमेकडच्या एका छोट्या गावातल्या इस्पितळात चांगली नोकरी मिळाली. पोटात सहावा महिना. नोकरी मिळाली, पण घर मिळेना. तिकडे भाड्याच्या घरांची टंचाई आपल्याकडच्या मे महिन्यातल्या नळासारखी. आलं तर आलं. किती घरं पाहिली, किती जणांनी फोनच उचलला नाही. शेवटी ब्रिजेट नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी घर बघायला बोलावलं. आम्ही तीनला, दुसरं एक कुटुंब चारला. जे लोक पटतील त्यांना घर. तेवढं एकच घर त्या गावात रिकामं होतं.

जावई ड्युटीवर. मी आणि माझी बायको सुनंदा तेव्हा तिकडेच होतो. मयूरी म्हणाली, तुम्ही दोघंही चला, तेवढंच फिरणं होईल. पोरीने त्या दिवशी मला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं असतं, तर किती बरं झालं असतं!

निघालो. मयूरी गाडी चालवतेय, मी शेजारी, सुनंदा मागे मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन. घरमालकिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हा तिचा कायदा. मोठा रस्ता होता तोवर सगळं छान. मग तो संपला आणि गावाकडचा रस्ता लागला. रस्ता कसला हो, पांदण! दोन्ही बाजूंना दगडी बांध, वरून झुडपं आत आलेली, मधोमध गवत उगवलेलं, आणि पाटीवर लिहिलंय, वेगमर्यादा ऐंशी. आपल्याकडे त्या रस्त्यावर बैलगाडीवाल्यानेही विचार केला असता. वर पाऊस असा, की पडतोय म्हणावं तर दिसत नाही आणि नाही म्हणावं तर काच ओली.

तेवढ्यात समोरून एक गाडी आली. बाजूला दबून तिने आम्हाला वाट दिली. आणि जाता जाता तिच्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं.

फक्त एक बोट. हात स्टिअरिंगवरच.

आता तुम्ही मूल गावाकडच्या जंगलरस्त्याने गेलेले आहात, तुम्हाला काय सांगायचं? समोरच्याने हात दाखवला, दिवे मिचकावले, की आपण काय करतो? गाडी हळू करतो. पुढे वाघ बसलाय, गडचिरोलीकडे असू तर हत्ती उतरलेत, काहीच नसेल तर झाडाखाली वाहतूक पोलीस तरी उभे आहेत. आपल्या जंगलातल्या रस्त्यांवर ओळख ना पाळख, पण इशारा करून पुढे जायचं असतं. एका दूधवाल्याने असाच हात केला म्हणून मी एकदा मोटरसायकल वळणाच्या अलीकडे थांबवली होती, आणि वळणावर वाघीण होती, पिल्लांसह. तेव्हापासून समोरच्याचा इशारा म्हणजे माझ्यासाठी देवाज्ञा.

"मयूरी, ब्रेक मार."

"काऊन?"

"त्यानं इशारा केला ना. पुढी काहीतरी आहे."

"बाबा, या देशात वाघ नाई."

"वाघ नाई, पण पोलीस तं असन?"

मयूरी गाडी नुकतीच शिकली होती, तीही शहरात. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, बोट कुठलं उचलतात! तिलाही वाटलं, बाबा अर्धं आयुष्य रस्त्यावर हिंडलेत, असेल काही. गाडी रांगायला लागली. वळणावर आम्ही तिघंही श्वास रोखून पुढे डोकावलो.

पुढे मेंढ्या होत्या. बांधापलीकडे, शांतपणे चरत. पाठीवर कुणाच्या निळा रंग, कुणाच्या लाल.

"अवो, यायचा पोळा झाला काय?" सुनंदा मागून म्हणाली.

पुढे दुसरी गाडी आली. बोट. पुन्हा ब्रेक, पुन्हा रांगणं, पुन्हा मेंढ्या. मग टपालाची हिरवी व्हॅन आली. तिच्या ड्रायव्हरनेही बोट उचललं. मग एक बाई, मागे शाळेची पोरं बसलेली. तिनेही!

इतके लोक सांगतायत आणि पुढे काहीच सापडत नाही, याचा अर्थ एकच, मी जाहीर केलं. गडबड रस्त्यात नाही, आपल्या गाडीत आहे. गाडी एका शेताच्या फाटकापाशी घेतली. मी उतरून चाकं दाबली, डिकी उघडून पुन्हा लावली, वाकून सायलेन्सर पाहिला, सुनंदाची शाल दारात अडकली नाही ना तेही पाहिलं. गुडघ्याला चिखल लागला, बाकी काही मिळालं नाही. मयूरी घड्याळाकडे बघत होती. तीन वाजत आले होते आणि गाव अजून दूर. तिचा चेहरा पाहून तरी मी गप्प बसायला हवं होतं की नाही?

पण तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

वर टोपीवाला म्हातारा, शेजारी कुत्रा. त्याने बोट उचललं आणि वर हसलासुद्धा.

झालं! माझं डोकं फिरलं. म्हटलं, हा इशारा नव्हेच. आम्ही तीन सावळी माणसं, बाई साडीत, आम्हाला पाहून गावच्या गाव बोट दाखवून करमणूक करून घेतंय. बाहेरच्यांना नाव ठेवणारे सगळीकडेच असतात, अशा बातम्या मी स्वतः लावल्यात. दुसऱ्याच्या अपमानावर अग्रलेख लिहिणारा मी, स्वतःचा गिळून बसू?

मयूरीने खिडकीतून बाही धरायला हात काढला, पण मी तोवर रस्त्याच्या मधोमध पोचलो होतो. दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरपुढे उभा राहिलो. ट्रॅक्टर थांबला, कुत्रा भुंकायला लागला. मी आपल्या पत्रकार परिषदेच्या इंग्रजीत विचारलं, या बोटाचा अर्थ काय? आम्ही तुमचं काय बिघडवलंय? मघापासून कोणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?

म्हाताऱ्याने टोपी काढली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. मला ओढून न्यायला मयूरी उतरली होती, एक हात कमरेवर, एक पोटावर, डोळ्यांत पाणी. त्याने माझा प्रश्न बाजूला ठेवला आणि स्वतःचा निष्कर्ष काढला: पोरीला कळा सुरू झाल्यात, आणि हा बिचारा बाप मदतीसाठी वेडापिसा होऊन रस्त्यात उभा आहे.

त्यानंतर जे झालं ते मी बघतच राहिलो. म्हाताऱ्याने उडी मारली आणि कोणाला तरी फोन लावला. ट्रॅक्टरमागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या, आमच्या मागे एक. एक जण घोंगडी घेऊन धावत आला. दुसऱ्याने डिकीतून घडीची खुर्ची काढून भर रस्त्यात मांडली. कोणी म्हणे ॲम्ब्युलन्स बोलवा, कोणी म्हणे आमच्या गाडीत झोपवा.

आणि मी? दोन्ही बाजूंनी धावत येणारा जमाव मी आजवर एकाच कारणासाठी पाहिलाय. मी ओरडलो, "सुनंदा, काचा वर कर!"

सुनंदा डबा घेऊन केव्हाच खाली उतरली होती. धावून आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर ती मुकाट्याने मूठ मूठ चिवडा ठेवत होती. घोंगडीवाला चिवडा खाऊन डोळे पुसत होता. मिरची जरा चढी होती.

मयूरी सगळ्यांना सांगत होती, मी ठीक आहे हो, मी स्वतःच नर्स आहे. तेवढ्यात मागच्या गाडीतून लाल रेनकोटातल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. त्यांनी मयूरीला खुर्चीवर बसवलं आणि हळूच विचारलं, मग झालं तरी काय? पोरीचा बांध फुटला. रडत रडत तिने सगळं सांगितलं. तीन वाजता घर बघायचं होतं, ते आता हातचं गेलं. आणि बाबांना जाणून घ्यायचंय की सगळे बोट का दाखवतात.

मग टोपीवाला म्हातारा असा हसला, की ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला.

बाईंनी मला समजावून सांगितलं. तो नमस्कार आहे. गावाकडच्या रस्त्यावर समोर माणूस दिसला, की बोट उचलायचं. बस.

"ओळख नसली तरी?" मी विचारलं. रिपोर्टर आहे, उलटतपासणी सुटत नाही.

"ओळख असली तर अख्खा हात," म्हातारा म्हणाला.

आता माझी अवस्था काय झाली असेल, सांगा. रस्ताभर अनोळखी लोक मला नमस्कार करत होते, आणि मी त्यांच्यावर आंदोलन केलं! मी भर रस्त्यात कान पकडले. आणि तुम्हाला ठाऊक आहे, हे माझ्या बाबतीत किती दुर्मीळ आहे ते.

बाईंनी मयूरीला विचारलं, कुठलं घर बघायचं होतं? तिने नाव सांगितलं.

"मग उशीर तुला नाही, मला झालाय," बाई म्हणाल्या. "ब्रिजेट मीच. तुमच्या चहासाठी दूध आणायला गेले होते, आणि येताना कोणीतरी रस्ता अडवला."

त्यांच्या हातात खरोखर दुधाची बाटली होती. मला वाटलं, समोरच्या बांधाने उघडावं आणि मला आत घ्यावं.

म्हाताऱ्याने ट्रॅक्टर मागे घेऊन वाट दिली, आणि आमची वरात घरी पोचली. घर सुंदर होतं. स्वयंपाकघरात ऊब, खिडकीत उजेड, आणि पाळण्यापुरती एक छोटी खोली. मयूरी त्या खोलीच्या दारात नुसती उभी राहिली. मी बाईंसमोर उभा राहून माफी मागितली. म्हटलं, आमच्याकडे जंगलाच्या रस्त्यावर अनोळखी माणूस हात करतो तो जीव वाचवायला. तुमच्याकडे काही संकट नसतानाही करतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या लेकीला घोंगडी, खुर्ची आणि धावून येणारी माणसं मिळाली, आता मी चंद्रपूरला निर्धास्त झोपेन. बाईंनी डोळे टिपले. मग मयूरीला घेऊन त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मयूरीच्या हातात किल्ली होती! चारवाल्यांना बाईंनी फोन करून टाकला होता.

परतताना मी दिसेल त्या गाडीला अख्खा हात करत होतो. छाती फुगलेली. म्हटलं, मयूरी, खरं सांग, माझ्या भाषणानंच काम केलं ना?

फारच मागे लागलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आत नेऊन त्यायनं एकच गोष्ट विचारली. तुझे वडील इथीच राहणार आहेत काय? मी म्हटलं नाई, मंगळवारी परत जाऊन राह्यले. म्हणल्या, नक्की? मंग मी फोनवर तुमचं तिकीट दाखवलं, तवा त्यायनं किल्ली देल्ली."